झाकणाखालचा हिशेब



निकाल लागले, प्रवेशाच्या याद्या फिरू लागल्या, की या सदराच्या टपालात एक प्रश्न हटकून येतो. यंदा तो पुनावळ्याहून आला आहे. पत्र लिहिणाऱ्या भगिनींच्या घरी टाइल्स व नळसामानाचे दुकान आहे. धाकटा मुलगा ताथवड्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात यांत्रिकी शाखेला प्रवेश घेतो आहे, थोरली मुलगी सी.ए.ची आर्टिकलशिप करते आहे आणि दुकानात २०१७ साली घेतलेला, विंडोज १० वर चालणारा एक लॅपटॉप आहे. त्यावर टॅली उघडेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन जाते, असे त्या लिहितात. घरात यासाठी सव्वा लाखाची तरतूद आहे. शेवटी प्रश्न असा : "लेनोव्हो, एचपी, डेल, एसर, आसुस की अ‍ॅपल? कोणती कंपनी चांगली ते एका शब्दात सांगावे."

एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण प्रश्नच थोडा बाजूला सरकवून घ्यावा लागतो. कापडाच्या व्यापाऱ्याला कोणी "कोणत्या गिरणीचे कापड चांगले?" असे विचारले, तर तो आधी ताग्यावरचा शिक्का पाहत नाही, पोत चिमटीत धरून पाहतो. एकाच गिरणीतून मलमलही निघते आणि मांजरपाटही. लॅपटॉपचेही तसेच आहे. लेनोव्होचेच उदाहरण घेऊ. २०१८चा थिंकपॅड टी-४८० खालचे झाकण काढून उघडला, तर रॅमच्या दोन मोकळ्या खाचा दिसतात, पट्टी काढावी, दुसरी बसवावी. त्याच कंपनीच्या, त्याच थिंकपॅड घराण्यातील एक्स-१ कार्बनमध्ये मात्र रॅम मदरबोर्डवर डाक देऊन, म्हणजे सोल्डर करून, कायमची चिकटवलेली असते. किंमत दुसऱ्याची जास्त, वजन कमी, रूप देखणे. पण घेतले त्या दिवशी जेवढी रॅम, तेवढीच शेवटपर्यंत. नाममुद्रा एक आणि नशीब दोन, हे ध्यानात आले म्हणजे पुढचे सोपे होते.

डाक देण्याचा हा प्रघात केवळ कंपन्यांच्या लोभातून आला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. लॅपटॉप पातळ हवा, हलका हवा, बॅटरी दिवसभर पुरावी, असा आग्रह गिऱ्हाइकानेच धरला. बोर्डावर थेट बसवलेली कमी विजेची मेमरी जागा वाचवते आणि वीजही. या पेचातून वाट काढण्याचे प्रयत्नही चालू आहेत. डेलने २०२२ मध्ये आपल्या प्रिसिजन मालिकेत स्क्रूने बसणारी चपटी मेमरी आणली, डिसेंबर २०२३ मध्ये तिला उद्योगाचे सामाईक मानक म्हणून मान्यता मिळाली आणि २०२४ च्या थिंकपॅड पी-१ मध्ये तिचा कमी विजेचा प्रकार बसला. परंतु पन्नास-साठ हजारांच्या लॅपटॉपमध्ये ती शोधायला जाऊ नये. तिथे आजही दोनच जाती : खाचेतली आणि डाकेची.

मग दुकानात उभे राहून ओळखायचे कसे? विक्रेत्याला विचारल्यास "सगळे अपग्रेड होते, ताई" हे उत्तर ठरलेले. त्यापेक्षा कंपनीचाच कागद पाहावा. लेनोव्हो प्रत्येक मॉडेलचा तपशीलपत्रक-संदर्भ संकेतस्थळावर उघडा ठेवते, पीएसआरईएफ या नावाने. त्यात मेमरीच्या रकान्यात 'सोल्डर केलेली' की 'खाचेतली' आणि कमाल किती, हे स्पष्ट असते. एचपी आणि डेल आपापल्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका चित्रांसह प्रसिद्ध करतात. कोणता स्क्रू आधी काढायचा येथपर्यंत माहिती त्यात असते. ज्या मॉडेलची अशी पुस्तिकाच सापडत नाही, त्याविषयी मनात थोडी शंका धरलेली बरी. मॉडेलचे नाव मात्र पुठ्ठ्याच्या खोक्यावरचे पूर्ण उतरवून घ्यावे, कारण एकाच नावाखाली चार प्रकार विकले जातात आणि फरक शेवटच्या दोन अक्षरांत असतो.

अक्षरे-आकड्यांची गोष्ट निघालीच आहे, तर प्रोसेसरकडे वळू. सर्वांत जास्त फसगत इथे होते, आणि तीही कोणी खोटे न बोलता. एएमडीचा 'रायझन ५ ७५२०यू' हे नाव वाचून सातव्या हजाराचा नवा माल वाटतो. तो बाजारात आणल्याची घोषणा २०२२ची, हे खरे. पण त्या चार आकड्यांतला तिसरा आकडा आतली रचना कोणत्या पिढीची ते सांगतो. तिथे २ आहे, म्हणजे झेन-२, २०१९ सालची रचना. शेजारच्या फळीवरील '७५३०यू' मध्ये तोच आकडा ३ आहे आणि त्याचा वेग जाणवण्याइतका अधिक. शिवाय ७५२०यू सोबत येणारी मेमरी जातीनेच डाकेची. तिला खाच असूच शकत नाही. आठ जीबीचा असा लॅपटॉप ज्याने घेतला, त्याने एकाच वेळी जुनी रचना आणि बंद दरवाजा असे दोन्ही घेतले. इंटेलच्या नावात शेवटचे अक्षर पाहावे. 'यू' म्हणजे कमी वीज, कमी उष्णता, कार्यालयीन काम. 'एच' म्हणजे अधिक ताकद, अधिक पंखा, लवकर संपणारी बॅटरी. हिशेबाच्या कामाला यू पुरतो. त्रिमितीय आराखड्यांना एच हवा.

वेगाची जी तक्रार घरोघरी ऐकू येते, ती मात्र बहुधा प्रोसेसरची नसते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून सेकंदाला शंभर-दीडशे मेगाबाइट वाचले जातात, तेही फाईल सलग असेल तर. साध्या साटा एसएसडीत साडेपाचशेच्या आसपास, आणि एनव्हीएमई एसएसडीत दोन-तीन हजार व त्याहून अधिक. २०१७च्या यंत्रात फिरती डिस्क असेल, तर एसएसडी घातल्याने ते तरुण झाल्यासारखे वाटेल, यात शंका नाही. पण पुनावळ्याच्या त्या दुकानापुरता हा सल्ला मी देत नाही. विंडोज १० ची नियमित साथ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. घरगुती वापरकर्त्यांसाठी नोंदणी करून मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदतवाढही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा वा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. २०१७च्या त्या यंत्रात, पत्रातील वर्णनावरून, सातवी पिढी आहे. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार आणि जीएसटीची विवरणपत्रे जातात, ते सुरक्षा-दुरुस्त्यांविना इंटरनेटला जोडून ठेवणे म्हणजे गल्ला उघडा टाकून दुपारच्या जेवणाला जाणे होय. त्या यंत्राने आठ वर्षांहून अधिक काळ सेवा केली. त्याला आता जोखमीच्या कामातून मोकळे करावे.

दुकानासाठी नवा घ्यायचा, तर अ‍ॅपलचे काय? माझ्या परिचयातील अनेक तरुण मॅकबुक एअरची स्तुती करतात आणि ती खरी आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये एम-१ चिप आली, तेव्हापासून त्या यंत्राला पंखा नाही, आवाज नाही, बॅटरी दमत नाही. परंतु टॅली प्राइम ही विंडोजवर चालणारी वस्तू. मॅकवर ती चालवायची तर दूरच्या सर्व्हरचा वा दुसऱ्या एखाद्या सोयीचा आधार घ्यावा लागतो, त्याचे भाडे निराळे. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन खोचायला जोडणी निराळी. आणि मॅकबुक एअरमध्ये रॅम चिपच्या सोबतच बांधलेली, साठवणही बोर्डावरची. कोणतीच वाढवता येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अ‍ॅपलने किमान रॅम आठऐवजी सोळा जीबी केली, ही चांगली गोष्ट. लेखन, चित्रफितींचे संपादन, प्रोग्रामिंग करणाऱ्याने अवश्य घ्यावा. हिशेबाच्या गादीवर त्याचे काम नाही.

गादीवर हवे ते व्यावसायिक मालिकेतील यंत्र. एचपीचे प्रोबुक वा एलिटबुक, लेनोव्होचे थिंकपॅड ई वा टी, डेलचे लॅटिट्यूड. (जानेवारी २०२५ मध्ये डेलने लॅटिट्यूड आणि इन्स्पिरॉन ही नावे मागे घेऊन डेल प्रो, डेल अशी नवी नावे जाहीर केली. इतकी वर्षे रुळलेली नावे का बदलावीत, हे त्यांनाच ठाऊक. गिऱ्हाइकाला मात्र यादी पुन्हा पाठ करावी लागते.) या मालिकांतील यंत्रे दिसायला ओबडधोबड, पडद्याचे रंग काहीसे फिके, पण बिजागऱ्या दणकट, कळफलक टिकाऊ, सुटे भाग वर्षानुवर्षे मिळणारे, आणि जादा पैसे भरल्यास दुरुस्तीला माणूस दुकानात येईल असा करार मिळतो. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही शेवटची बाब फार मोलाची आहे. मार्चअखेरीस यंत्र आठ दिवस सेवा केंद्रात पडून राहिले, तर त्याची किंमत कोणत्याही तुलनात्मक तक्त्यात लिहिलेली नसते. २०२४च्या थिंकपॅड टी-१४ च्या पाचव्या पिढीची तर आयफिक्सिट या दुरुस्तीतज्ज्ञ संस्थेच्या सहकार्याने फेररचना झाली. त्याआधीच्या पिढ्यांत एक पट्टी डाकेची होती. यात दोन्ही खाचेतल्या. त्या संस्थेने त्याला दहापैकी नऊ गुण दिले. याच्याच शेजारी टी-१४एस नावाचे सडपातळ भावंड आहे, त्याची रॅम डाकेची! एका 'एस'चा एवढा महिमा.

घरगुती मालिकांमध्ये, म्हणजे लेनोव्होच्या आयडियापॅड स्लिम, आसुसच्या व्हिवोबुक, एसरच्या अ‍ॅस्पायर या वर्गात, पैशाला मोबदला वरकरणी अधिक दिसतो : त्याच किमतीत मोठा आकडा, चकचकीत पडदा. पुष्कळ मॉडेलांत आठ जीबी डाकेची आणि वर एक मोकळी खाच असते. असे असेल तर वाईट सौदा नव्हे. खाच अजिबात नसेल तर सोळा जीबीचाच घ्यावा, आठचा नको. प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या पितळी नटांवर बिजागरी बसवलेली असेल, तर झाकण नेहमी मध्यभागी धरून उघडण्याची सवय मुलांना लावावी. कोपऱ्याला धरून ओढले की दोन-तीन वर्षांत नट उपटून येतात.

मुलाच्या यांत्रिकी अभियांत्रिकीसाठी उत्तर जरा अनपेक्षित आहे. वडीलधाऱ्यांना 'गेमिंग' हा शब्द आवडत नाही आणि त्यामागची काळजी समजण्यासारखी आहे. परंतु घरगुती वर्गात झाकण उघडून वाढवता येण्याजोगी यंत्रे पाहायची, तर ती याच वर्गात सापडतात : लेनोव्हो एलओक्यू, एचपी व्हिक्टस, आसुस टफ, एसर नायट्रो. बहुतेकांत रॅमच्या दोन खाचा असतात, अनेकांत एसएसडीसाठी दुसरी जागाही. त्यांतील ग्राफिक्सची चिप सॉलिडवर्क्ससारख्या कामाला उपयोगी पडते. उणे बाजूही तितकीच ठळक आहे. वजन सव्वादोन किलोच्या पुढे, चार्जर विटेएवढा, बॅटरी दोन तासिकांत मान टाकते. ताथवडे पुनावळ्याहून जवळ आहे, तेव्हा ओझ्याचा प्रश्न फार नाही. पण पहिल्या वर्षाच्या अभ्यासाला एवढ्या ताकदीची गरजही नाही. महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळा असते. माझा कल असा, की मुलाने पहिले वर्ष साध्या यंत्रावर काढावे आणि शाखेचे खरे सॉफ्टवेअर सुरू झाल्यावर निर्णय घ्यावा. तोवर घरात एक साधे यंत्र आलेलेच असेल. ते कसे, ते पुढे.

पुनावळ्यापासून हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान संकुल हाकेच्या अंतरावर आहे. मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी व्यावसायिक मालिकेचेच लॅपटॉप घेतात, पुष्कळदा भाडेकराराने, आणि तीन-चार वर्षांनी ते गठ्ठ्याने बाहेर पडतात. आपण रोज ज्यांच्या बसच्या मागे वाकडच्या चौकात अडकून पडतो, त्यांच्याच पाठीवरच्या पिशवीतील हा माल. व्यापाऱ्याने यात हिणकस काही मानू नये. संगणकावर प्राप्तिकराच्या नियमांत घसारा ४० टक्के दराने, घटत्या शिलकीवर मिळतो. पन्नास हजारांचे यंत्र पहिल्या वर्षी पुस्तकात तीस हजारांवर येते, दुसऱ्या वर्षी अठरा हजारांवर, तिसऱ्या वर्षी दहा हजार आठशेवर. म्हणजे कंपनीच्या वहीत ज्याची किंमत जवळजवळ पुसली गेली, ते यंत्र प्रत्यक्षात अर्धे आयुष्यही जगलेले नसते. हा फरक म्हणजेच आपला नफा. टी-४८०, एचपी एलिटबुक ८४० जी-६, डेल लॅटिट्यूड ५४०० ही मॉडेले याच बाजारातली. तिन्हींत रॅमच्या दोन-दोन खाचा आहेत आणि आठव्या पिढीच्या प्रोसेसरसह ती विंडोज ११ चालवतात. आर्टिकलशिप करणाऱ्या कन्येला एक्सेल आणि टॅलीसाठी असे सोळा जीबीचे यंत्र पुरते. आणि धाकट्याच्या पहिल्या वर्षालाही.

मात्र इथे डोळे उघडे हवेत. बिल आणि निदान सहा महिन्यांची लेखी हमी घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विंडोजमधूनच बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात, निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यातून वजा करावी. यंत्र चालू करताना मूळ सेटिंगवर परवलीचा शब्द लावलेला नाही ना, ते पाहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे : विक्रेत्याच्या समोर विंडोज नव्याने टाकायला लावून यंत्र इंटरनेटला जोडावे. एखाद्या कंपनीचे नाव झळकून तिच्या कर्मचाऱ्याचा लॉगिन मागणारा पडदा आला, तर ते यंत्र अजून त्या कंपनीच्या नोंदवहीत आहे, असे समजून निमूटपणे परत ठेवावे. "तो काढून देतो" हे आश्वासन मानू नये, कारण ती नोंद विक्रेत्याच्या हातात नसते.

रॅमविषयी आजवर आम्ही सरसकट सांगत आलो, की आठ जीबी घ्या, पुढे स्वस्त झाली की वाढवा. वर्षानुवर्षे तो हिशेब बरोबर ठरला, कारण मेमरीचा भाव साधारणपणे उतरताच असे. २०२५च्या अखेरीस वारे फिरले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या माहितीकेंद्रांनी मेमरी प्रचंड प्रमाणात उचलायला सुरुवात केली, उत्पादकांनी अधिक नफ्याच्या त्या मालाकडे कारखाने वळवले आणि किरकोळ बाजारात पट्ट्यांचे भाव झपाट्याने चढले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर क्रुशियल या नावाने चालणारा आपला किरकोळ व्यवसायच बंद करत असल्याचे जाहीर केले. तेव्हा आज सल्ला बदलतो. सोळा जीबी आताच घ्यावी, शक्यतो एकाच पट्टीची, म्हणजे दुसरी खाच मोकळी राहते आणि भाव उतरल्यावर हात मोकळा असतो. दोन पट्ट्या असल्यास वेग थोडा अधिक मिळतो हे खरे; टॅलीला त्याचा फरक पडत नाही. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे. जुन्या यंत्राची पट्टी नव्यात वापरू, असे मनात धरून बसू नये.

आता कराची बाजू, थोडक्यात. एकोणसाठ हजारांच्या नव्या लॅपटॉपमध्ये पन्नास हजार मूळ किंमत आणि १८ टक्क्यांनी नऊ हजार जीएसटी असतो. नियमित नोंदणी असलेल्या दुकानाला त्या नऊ हजारांचे क्रेडिट मिळते, बिलावर दुकानाचा क्रमांक असेल तर. कंपोझिशन योजनेत ते मिळत नाही. क्रेडिट घेतले की त्या नऊ हजारांवर घसारा मागता येत नाही. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर पहिल्या वर्षीचा घसारा निम्माच, म्हणून दिवाळीच्या सवलतीची वाट पाहण्यापूर्वी हा आकडा मांडून पाहावा. मुलांच्या अभ्यासाची यंत्रे दुकानाच्या बिलात घालण्याची युक्ती काही जण सांगतात; ती सी.ए. होऊ पाहणाऱ्या कन्येसमोर तरी बोलून दाखवू नये.

तर सव्वा लाखाचा माझा मेळ असा : दुकानाला साठ हजारांच्या आतबाहेर नवे, दोन खाचांचे, दुरुस्ती कराराचे व्यावसायिक यंत्र, मुलीला आणि मुलाला हमीसह जुनी व्यावसायिक यंत्रे, आणि जी रक्कम उरेल ती मुलाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी बाजूला. उदाहरणादाखल आकडा मांडतो. पंचावन्न हजारांचे बंद यंत्र चार वर्षे चालले, तर वर्षाला पावणेचौदा हजार पडतात. साठ हजारांच्या उघडता येणाऱ्या यंत्रावर मध्ये रॅम आणि बॅटरीसाठी दहा हजार घालून ते सात वर्षे चालले, तर वर्षाला दहा हजार.

राहिला तो २०१७चा लॅपटॉप. पुनावळ्याच्या रहिवाशांना कचऱ्याचा प्रश्न काय असतो, ते वेगळे सांगायला नको. गावच्या हद्दीतील नियोजित कचरा डेपोविरुद्ध २०२३ मध्ये सोसायट्यांतील कुटुंबे रस्त्यावर उतरली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो रद्द करत असल्याचे विधिमंडळात जाहीर झाले. आपला कचरा मोशीच्या वाट्याला जातो, एवढाच त्याचा अर्थ. लॅपटॉपच्या बॅटरीत लिथियम असते. दाबली गेलेली वा फुगलेली बॅटरी भंगाराच्या ढिगात पेट घेते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तू नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर परत देण्याची सोय शोधावी, हातगाडीवर देऊ नये.

देण्यापूर्वी एक काम घरीच करावे. खालचे झाकण उघडून डिस्क काढून घ्यावी. त्यात आठ-नऊ वर्षांच्या उधाऱ्या, गिऱ्हाइकांचे क्रमांक, बँकेची विवरणे असतात, आणि 'डिलीट' केल्याने ती जात नाहीत. नवे यंत्र दुरुस्तीला देतानाही, वॉरंटीच्या अटी आधी विचारून, एसएसडी काढून आपल्याजवळ ठेवता आली तर ठेवावी. सात-आठ स्क्रूंचे काम आहे, छोटा फिलिप्स पेचकस पुरतो. आधी यंत्र पूर्ण बंद करून चार्जर काढावा आणि झाकण उघडताच बॅटरीची जोडणी सोडवावी. मुलगा यांत्रिकीला जातोच आहे, पहिला धडा त्यालाच द्यावा.